एकटा जीव, ब्युनॉस आयर्स

एकट्यानं प्रवास केला की माणूस स्वतःला भेटतो, असं हल्ली कुणीही सांगतं. मला ते पुतण्यानं सांगितलं. तो पुण्यात आयटी कंपनीत आहे. वर्षातून एकदा पाठीला सॅक लावून कुठंतरी जातो आणि दाढी वाढवून परत येतो. "काका, पन्नाशी उलटली, तुम्ही अजून स्वतःला भेटला नाही?" म्हटलं, रोज सकाळी आरशात भेटतो, दोघांनाही विशेष आनंद होत नाही. पोरगं हटेना. एकट्यानं जायचं, लांब जायचं आणि हॉटेलात अजिबात उतरायचं नाही. हॉटेलात राहतो तो टुरिस्ट, स्थानिकांच्या घरात राहतो तो प्रवासी, असा त्याचा सिद्धांत. स्थानिकांना काय वाटतं, हे त्या सिद्धांतात कुठं बसलेलं नव्हतं.

बायको हरकत घेईल अशी आशा होती.

"एकटेच जाणार?"

"हो."

"किती दिवस?"

मी सांगितलं.

"एवढेच?" ती म्हणाली. "बघा की अजून आठवडा मिळतोय का. माझीपण तेवढीच सोलो ट्रिप होईल, घरातल्या घरात."

शहर ठरवायला वेळ लागला नाही. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना असला की शाहू स्टेडियमच्या आजूबाजूला पाहुण्यांनी आपण कुठल्या पेठेत उतरलोय हे मोठ्यानं सांगू नये. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात मेस्सी नि नेमारचे एवढे मोठे फलक लागतात की मागचं दुकान दिसत नाही. आमच्या गल्लीनं तर १९८६ सालीच मॅराडोनाला दत्तक घेतलंय. त्याला कळवायचं तेवढं राहून गेलं. तेव्हा जायचं तर ब्युनॉस आयर्सलाच. पुतण्याच्या टीममध्ये तिथली एक मुलगी होती. तिची आजी आल्माग्रो नावाच्या जुन्या मध्यमवर्गीय भागात राहते आणि घरात एक खोली रिकामी असते. "आजीला माणसं फार आवडतात," असं त्या मुलीनं कळवलं. या वाक्यातली धमकी मला इथं बसून ऐकू आली नाही.

मुंबईहून तिकडं थेट विमान नाही. विमानं आणि तारखा बदलत, अंगाची घडी मोडत मी एझेइझा विमानतळावर उतरलो, तर आजी, आजीचा भाऊ, नात आणि जिची ओळख शेवटपर्यंत कुणी करून दिली नाही अशी एक बाई, एवढी मंडळी मला एकट्याला न्यायला आलेली. पहिला प्रसंग तिथंच गुदरला. अर्जेंटिनात भेटल्यावर गालाला गाल लावून मुका घेतात. बायका बायकांचा, बायका पुरुषांचा, इथवर मी मनाची तयारी केली होती. पुरुष पुरुषांचाही घेतात, हे पुतण्यानं सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात बापाला मुलाचं प्रेम दाटून आलं की तो "गाडीत पेट्रोल आहे काय?" असं विचारतो. वडिलांनी मला शेवटचं जवळ घेतलं ते बहुधा लस टोचायच्या दिवशी, आणि तेही डॉक्टरांना दंड नीट मिळावा म्हणून. अशा माणसाकडं सत्तरीचा एक अनोळखी गृहस्थ भर विमानतळावर गाल पुढं करून आला. मी हात पुढं केला. त्यानं तो बाजूला सारला. मी घाबरून मान वळवली ती नेमकी त्याच्याच बाजूला, आणि दोघांच्या चष्म्यांच्या काड्या एकमेकींत अडकल्या. नातीनं येऊन आम्हाला सोडवलं.

(पुढं सवय झाली. इतकी, की घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही मी दार उघडताच गाल दिला. त्यानंही घेतला.)

मंडळींची नावं दोन-दोन, तीन-तीन पदरी होती, लक्षात राहीनात. म्हणून आजीला मी मनातल्या मनात मावशी केलं. ओघानं तिचा भाऊ मामा झाला. एकदा मावशी-मामा झाल्यावर एकट्यानं केलेला प्रवास कुठला उरतोय?

तरी स्वतःला भेटायचा बेत मी सोडला नव्हता. दुसऱ्याच दिवशी सकाळी एकटा बाहेर पडायला निघालो, जाळीच्या दाराच्या म्हाताऱ्या लिफ्टमधून खाली आलो, तर इमारतीचं मुख्य दार बंद. त्या शहरातल्या जुन्या इमारतींत आत यायला किल्ली लागते तशी बाहेर जायलाही लागते. पाहुणा निघाला की यजमानानं किल्ली घेऊन खाली उतरायचं, दार उघडायचं, दारात उभं राहून वरच्यापेक्षा जास्त वेळ बोलायचं आणि मग पाहुण्याला सोडायचं. घरात जादा किल्ली होती. मावशी म्हणायची ती मामांकडं आहे आणि मामा म्हणायचे मावशीकडं. मी परत वर गेलो.

"कुठं निघालात?" मावशीनं विचारलं. आमचं बोलणं नातीमार्फत किंवा मोबाइलमार्फत चाले.

"जरा फिरून येतो. एकटाच."

"एकटेच?" तिचा चेहरा कळवळला. "थांबा, मी बूट घालते."

सामान लावायला मी विसरलो असेन असं समजून तिनं माझी बॅगही उघडून लावून टाकली. परदेशात पाण्याची सोय नसते या अनुभवी लोकांच्या सल्ल्यावरून मी एक प्लास्टिकचा मग नेला होता. वास्तविक अर्जेंटिनात घरोघरी बिदे असतो, खालून पाण्याचा फवारा सोडणारा, आणि तो पाहून मला त्या देशाबद्दल जो आदर वाटला तो मेस्सीबद्दलही कधी वाटला नव्हता. मग बिनकामाचा ठरला. मावशीनं त्याला काम दिलं: त्यानं ती पिझ्झ्याचा मैदा मोजू लागली. मग कोरा होता, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या पिझ्झ्याकडं मला शेवटपर्यंत निर्मळ मनानं पाहता आलं नाही.

आता माते. दुधी भोपळ्याच्या जातीतल्या एका सुकवलेल्या फळाच्या पोटात येर्बा नावाचा हिरवा पाला भरतात, त्यात धातूची नळी खोचतात, वरून कढत पण न उकळलेलं पाणी ओततात आणि ओढतात. चव कडू. त्याचं मला काही नाही, आम्ही काढे प्यायलेली माणसं. पण माते एकट्यानं प्यायचा नसतो. एक जण ओतणारा, बाकीचे गोल बसलेले, आणि भांडं फिरतं एका हातून दुसऱ्या हाती. भांडं एक. नळी एक. मला माझ्या आईनं तांब्याला ओठ न लावता वरून पाणी प्यायला शिकवलेलं. शर्टाची कॉलर भिजली तरी चालेल, पण उष्टं होता कामा नये. आणि ती नळी माझ्यापर्यंत आली तेव्हा मामांकडून मावशीकडं, मावशीकडून नातीकडं, नातीकडून त्या ओळख न झालेल्या बाईकडं, असा जगप्रवास करून आलेली. वरून प्यावं तर ती नळी. वरून कशी पिणार? मी हळूच रुमाल काढून तिचं टोक पुसलं. खोलीत शांतता पसरली. मग सारवासारव करावी म्हणून नळीनं आतला पाला जरा ढवळला. आता मामा खुर्चीवरून अर्धे उठले. नळी हलवायची नसते. ज्यानं भरलं त्याच्या हाताचा तो अपमान. घाबरून मी आभार मानले, तर भांडं मला वगळूनच फिरायला लागलं, कारण मातेच्या बैठकीत आभार मानले की पुरे झालं असं धरतात.

हा शेवटचा नियम कळला तेव्हा मला हायसं वाटलं. उष्ट्यातून सुटायचा सभ्य मार्ग सापडला! मी बसल्या बसल्याच आभार मानू लागलो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मावशीनं शेजारणीला बोलावून आणलं. ती निवृत्त नर्स होती. तिनं माझी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि ठणठणीत असल्याचं सांगितलं. वर मला बरं वाटावं म्हणून आपल्या घरून माते करून आणला आणि पहिला घोट स्वतः घेऊन नळी माझ्या हातात दिली. कोल्हापूरच्या दिशेनं मनात आईची क्षमा मागितली आणि ओढला. त्यानंतर मी मोजलेलं नाही.

खाण्याचं काय सांगू! अर्जेंटिना म्हणजे मांसाची राजधानी, आणि मी तांबड्या-पांढऱ्या रश्शावर वाढलेला. कागदावर ही जोडी छत्तीस गुणांची. पण तिथं मांस म्हणजे गाईचं. ते मी खात नाही म्हटल्यावर मामांनी अतिशय हळुवार आवाजात विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही. धर्म."

"मग आपण चिकन करू. ते काही मांसात धरत नाहीत."

मी अॅपवर स्पॅनिश शिकून गेलो होतो. 'पोयो' म्हणजे कोंबडी, एवढं पक्कं होतं. ब्युनॉस आयर्सवाल्यांच्या तोंडी तो 'पोशो' होतो. मी हॉटेलात पोयो मागायचो, वेटर पोशो का विचारायचा, मी ठासून नाही म्हणायचो आणि चीज खाऊन उठायचो.

रविवारी आसादो झाला. गच्चीवर मामांनी सकाळपासून निखारे फुलवले. जाळीच्या एका कोपऱ्यात माझी कोंबडी, मिरच्या आणि प्रोवोलेता नावाचा चीजचा जाड तुकडा. बाकी जाळीवर आख्खी गोशाळा. मी मदतीला म्हणून पुढं झालो.

"मसाला काय लावला?"

"मीठ."

"नाही, वाटण?"

"मीठ," मामा म्हणाले. मग मला आवडावं म्हणून, "पण जाडं."

कोंबडीला नुसतं मीठ लावून चार तास चुलीपुढं बसवायचं, हा आमच्याकडं तिच्यावर अन्याय समजतात. शेवटी सगळे जेवायला बसले आणि कुणीतरी म्हणालं, भाजणाऱ्यासाठी टाळ्या! सगळ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या, मामांनी मान झुकवून त्या स्वीकारल्या. ही तिथली रीतच आहे. मीठ लावलं म्हणून टाळ्या! सतरा जिनसांचं वाटण पाट्यावर वाटून पन्नास माणसांना रस्सा घालणाऱ्या आमच्या आत्यानं आयुष्यात फक्त "मीठ जरा कमी पडलंय" एवढंच ऐकलं.

त्या भरात मी आतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी आणली. त्या देशात काळी मिरी तिखटात मोडते, हे मला माहीत नव्हतं. मामा शूर माणूस. म्हणाले, आमच्या चिमिचुर्री चटणीतही मिरची असते. आणि ब्रेडच्या तुकड्यावर मसाला असा पसरला की जणू लोणीच. पुढचं मी थोडक्यात सांगतो. आधी ते हसले. मग हसायचे थांबले. मग टेबलावरचं पाणी, वाइन, शेजारच्याची वाइन आणि फुलदाणी या क्रमानं त्यांनी गोष्टी उचलल्या. नर्स शेजारीण परत आली. तिला माझं नाव आता पाठ झालं होतं. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाल दिला नाही, लांबून हात केला.

समेट महागाईनं घडवला. मामांना राजकारण चालतं, फुटबॉल चालतो, पण खरा जीव डॉलरच्या भावात. २०२३ साली तिथली महागाई २११ टक्क्यांच्या वर गेली होती; त्या वर्षी सोफा घ्यावा की पास्ता, हे त्यांनी दिवसभर ठरवलं आणि संध्याकाळी फक्त पास्ता परवडला, असं ते सांगतात. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं किती असते?"

"पाच-सहा टक्के. लोक फार वैतागलेत."

"महिन्याला पाच-सहा? बरं आहे."

"वर्षाला."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग उठून आले आणि गाल पुढं केला.

त्यांच्यासाठी मी खास फेटा नेला होता. तो बांधायचा सोहळाही त्या समेटाच्या दिवशीच करावा असं ठरलं. सगळे जमले. मी पिशवीतून लाल-पांढरा फेटा काढला आणि झटकून उलगडला. मामा मागं सरकले. मामा बोका ज्युनियर्सचे, निळ्या-पिवळ्याचे. लाल-पांढरा म्हणजे रिव्हर प्लेट, सात पिढ्यांचे वैरी. "हे डोक्यावर?" ते म्हणाले. त्यांचा आवाज कांदा-लसूण मसाल्याच्या वेळी बरा होता. मी सांगितलं, हा मानाचा रंग आहे, लग्नात घालतात. ते म्हणाले, लग्न मोडलं तरी चालेल. समोरच्या फ्लॅटमधला रिव्हरवाला मात्र गलका ऐकून आला, खुर्ची ओढून बसला, फेटा बांधून घेतला आणि तुरा सोडून आठवडाभर लिफ्टमधून विनाकारण वर-खाली करत राहिला. कोल्हापूरच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. मला आमची पेठ आठवली एवढंच.

बसचा किस्सा लहान आहे. तिथल्या बसला कोलेक्तिवो म्हणतात. १९२८ साली धंदा बसलेल्या टॅक्सीवाल्यांनी ठरलेल्या वाटेवर माणशी पैसे घेऊन माणसं भरायला सुरुवात केली, त्यातून ही बससेवा निघाली. म्हणजे आपलं वडापच. त्यामुळं मी निर्धास्त होतो. पण थांब्यावर लोक रांगेत उभे! कुणी कुणाला कोपर मारत नाही, खिडकीतून रुमाल टाकत नाही. मी पहिला होतो. बस आली, आणि सरळ निघून गेली. रांगेतल्या पहिल्यानं हात करायचा असतो, तरच ती थांबते, आणि अख्खी रांग माझ्यावर विसंबून होती. मागच्या आजीबाई काय म्हणाल्या ते मोबाइलनं भाषांतरित करायला नकार दिला.

जेवणाची वेळ हा वेगळाच छळ. संध्याकाळी कॉफीबरोबर मेदियालुना नावाचे अर्धचंद्राकृती गोड पाव मिळतात, आणि मग रात्री दहापर्यंत काही नाही. मी घरी साडेआठला ताट सारून शतपावली करणारा माणूस. आठ वाजता पोटात कालवायला लागलं की खोलीत जाऊन चादरीखाली चिवडा खायचो. चुरमुऱ्यांचा आवाज होऊ नये म्हणून ते आधी भिजू द्यायचे, तोंडातच. दहाला ताटं मांडली जात तेव्हा कोल्हापुरात पहाटेचे साडेसहा झालेले असत. गंगावेशीत दूध कट्ट्यावर लोक धारोष्ण दुधाचे पेले रिचवत असणार आणि मी रात्रीच्या सूपची वाट बघतोय. जेवण झालं की उठायचं नाही. ताटं तशीच ठेवून गप्पा. बारा. साडेबारा. दीड वर्षाचं नातवंड टेबलाखालून गाड्या फिरवतंय आणि त्याला झोपवावं असं कुणाच्याही मनात नाही. एकदा मी धीर करून उठलो आणि म्हणालो, "चला, झोपतो."

"बरं नाही का?" मावशीनं विचारलं, आणि नर्स शेजारणीच्या दाराकडं पाहिलं. मी बसलो.

अशाच एका रात्री, माणसं झोपतात त्या वेळेला, मामांनी मला मिलोंगात नेलं. मिलोंगा म्हणजे टँगो नाचायचं ठिकाण. एका बाजूला पुरुष, समोर बायका, मध्ये मोकळी फरशी. तिथं कुणी कुणाला तोंडानं 'नाचणार का' विचारत नाही. पुरुषानं लांबून एखाद्या बाईकडं बघायचं, मान हलकेच लववायची. तिला चालणार असेल तर तीही लववते. नको असेल तर ती दुसरीकडं बघते. चारचौघांत कुणाचा पाणउतारा होत नाही. मोठी शहाणी पद्धत, पण ती मला नंतर समजली.

मी खुर्चीत बसलो. संगीत सुरू झालं, बांदोनिऑनवर असा काही सूर लागला की काय सांगावं, आणि माझी मान हलायला लागली. आपण गाणं मानेनंच ऐकतो. सम आली की मान जाते, जागा सुंदर घेतली की पुन्हा जाते. समोर काळ्या पोशाखातल्या एक भारदस्त बाई बसल्या होत्या. त्यांनीही मान हलवली. म्हटलं वा, दर्दी दिसतात. मी आणखी जोरात हलवली. मग त्यांच्या शेजारणीनं हलवली. मग पलीकडच्या एकीनं.

मामांनी कोपर मारलं. "जा."

"कुठं?"

"बोलावलंत ना? जा आता. पण तिघींना एकदम कसं काय बोलावलंत?"

भारदस्त बाईंपुढं जाऊन उभा राहिलो. टँगोची गाणी सहसा चारांच्या गटानं वाजतात आणि गट संपेपर्यंत जोडीदाराला सोडून जाणं हा अपमान. मला येतं ते लेझीम, आणि तेही शाळेतलं. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत विचारलं, "आपली शैली कुठली?"

"कोल्हापुरी," मी म्हणालो.

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "ही मी पाहिलेली नाही."

पुढच्या काही मिनिटांत त्यांनीच काय, त्या अख्ख्या सभागृहानं ती पाहिली. फरशीवर सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं सरकतात. माझे पाय जन्मापासून अंबाबाईच्या प्रदक्षिणेला लागलेले. ते आपोआप उजवीकडनं निघाले. समोरून चाळीस जोड्या येताहेत आणि मी एका बाईंना पुढं धरून त्यांच्यात शिरतोय. एक जोडपं भिंतीला लागलं. एका वृद्ध गृहस्थांनी बाईला सोडून मला वाट दिली, जशी रुग्णवाहिकेला देतात. बाईंनी मात्र चारही गाणी सोडलं नाही. शेवटी मी त्यांना जागेवर पोचवलं तेव्हा त्या बूट काढून तळवा चोळत होत्या. "तुमच्याकडं," त्यांनी विचारलं, "बायका यासाठी वेगळे बूट घालतात का?" मागं वळून पाहिलं तर उरलेल्या दोघी छताकडं बघत होत्या.

सकाळी नातीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमच्या अॅनालिस्टशी बोला यावर." मानसशास्त्रज्ञांच्या दरडोई संख्येत अर्जेंटिना जगात फार वर आहे, आणि ब्युनॉस आयर्समध्ये पालेर्मोतल्या एका भागाला लोक गमतीनं व्हिला फ्रॉइड म्हणतात, एवढे तिथं मनोविश्लेषकांचे दवाखाने. नात जाते, मामा जातात, फेटेवाला शेजारीही जातो.

"तुमचा कोण आहे?" तिनं विचारलं.

"आमच्याकडं तालमीच्या कट्ट्यावर सात-आठ जण बसतात. तेच."

"ग्रुप थेरपी! आणि ते काय सांगतात?"

"आपण यायच्या आधी आपलं विश्लेषण पूर्ण केलेलं असतं."

मुक्काम संपत आला तेव्हा मावशी मला रेतिरो स्टेशनवरून आगगाडीनं सान इसिद्रोला घेऊन गेली. "तुमचे टागोर इथं राहिले होते," ती म्हणाली. रवींद्रनाथ पेरूला निघाले होते, वाटेत आजारी पडले आणि नोव्हेंबर १९२४ मध्ये ब्युनॉस आयर्सला उतरले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेनं त्यांच्यासाठी इथं नदीकाठी बंगला मिळवला. विश्रांती थोड्या दिवसांची ठरली होती. गुरुदेव सुटले जानेवारीत. पेरू राहूनच गेलं. निघताना ओकाम्पोबाईंनी त्यांच्या आवडीची आरामखुर्ची बरोबर घ्यायचा आग्रह धरला. खुर्ची बोटीच्या केबिनच्या दारातून आत जाईना, तेव्हा बाईंनी कप्तानाला गाठून दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं. खुर्ची भारतात पोचली आणि शांतिनिकेतनात राहिली. ही हकिकत मावशी डोळ्यांत पाणी आणून सांगत होती, आणि माझ्या मनात येत होतं, नोबेल मिळालेल्या माणसाला जिथं नाही म्हणता आलं नाही, तिथं माझं काय चालणार!

तसंच झालं. मावशीनं दुल्से दे लेचेच्या, म्हणजे साखर घालून तांबूस होईतो आटवलेल्या दुधाच्या, बरण्या बॅगेत भरल्या. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा आहे म्हटल्यावर तिनं माझे कपडे काढले. मामांनी आसादोची लोखंडी जाळी आणली. ती बसेना. मामांनी बॅगेची चाकं काढायची तयारी दाखवली.

विमानतळावर पुन्हा सगळे होते, ती ओळख न झालेली बाईसुद्धा; ती सगळ्यात जास्त रडत होती. गालांची पहिली फेरी संपली. दुसरी सुरू व्हायच्या आत मामा म्हणाले, "डिसेंबरात आम्ही येतो तुमच्याकडं."

"या की! सगळे या."

"एखादं बरं हॉटेल बघून ठेवा."

"हॉटेल? घर असताना?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं, मला बाजूला घेतलं आणि नातीला हळू भाषांतर करायला सांगितलं. "लोकांच्या घरी विश्रांती मिळत नाही हो. सारखं खा खा करतात. झोपू देत नाहीत. एकट्याला कुठं म्हणून जाऊ देत नाहीत." हे बोलताना त्यांचा एक हात माझ्या खिशात आणखी एक अल्फाहोर बिस्कीट कोंबत होता.

"ते हॉटेलबिटेल चालायचं नाही," मी म्हणालो. "कोल्हापुरात येऊन हॉटेल? लोक काय म्हणतील? आमच्याच घरी उतरायचं. पहाटे पाचला दूध कट्टा, मग अंबाबाई, मग जोतिबा, येताना पन्हाळा, दुपारी मटण, रात्री आत्याकडं पुन्हा मटण, निळा-पिवळा फेटा मी बघून ठेवतो." मामा काहीतरी म्हणायला गेले, पण नातीनं तोंड उघडायच्या आत मी मनातल्या मनात त्यांच्या वाटीत दुसऱ्यांदा तांबडा रस्सा ओतला होता.